तेरीज जुळेपर्यंत

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला तेरजेतला सात रुपयांचा फरक आणि सात हजारांचा फरक सारखाच अस्वस्थ करतो. प्रश्न रकमेचा नसतो. कुठेतरी एक आकडा खोटे बोलत आहे आणि तो कोणता हे आपल्याला ठाऊक नाही, ही त्यातली खरी टोचणी असते. १९९१ च्या मार्चअखेरीस आमच्या दुकानाच्या तेरजेत असा सात रुपयांचा फरक आला. तो संगणकाने दाखविला होता, म्हणून दोष यंत्राचा असू शकेल हे कोणाच्या मनात आले नाही. तो माणसावर येऊ लागला. त्या निमित्ताने बेसिक ही संगणकाची भाषा आणि तिचा कंपायलर यांच्या मर्यादांशी माझी जी झटापट झाली, ती लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

सांगलीच्या हळद बाजारात आमचे आडतीचे दुकान होते. थोरले बंधू, ज्यांना घरीदारी सारे दादाच म्हणत, ते दुकान पाहत. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो आणि त्या काळी माझी नेमणूक मिरजेला होती. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत खाती लिहिणारी यंत्रे येऊ लागली होती. त्यांच्याविषयीच्या कुतूहलापोटी मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बेसिक शिकलो. ही भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी तयार केली होती. गणित किंवा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्याला ती जवळची वाटली यात नवल नाही.

दुकानाच्या गादीवर दिवाणजी होते, आमच्या वडिलांच्या काळापासूनचे. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खरेदीदारांची उधारी, हमाली-तोलाई, वर्षअखेरीला कटमिती काढून व्याज लावणे, हे सारे त्यांच्याच हातून होई. आयकराच्या नव्या नियमाने १९८९ पासून सर्वांनाच ३१ मार्चला वर्ष बंद करणे भाग पडले आणि दिवाळी पाडव्याला वही बदलणाऱ्या आमच्यासारख्या दुकानांची मोठी अडचण झाली. हळदीचा हंगाम ऐन भरात आणि त्याच वेळी ताळेबंद! म्हणून दादांनी एका विक्रेत्याकडून संगणक घेतला. त्याबरोबर त्याने हिशेबाचा तयार प्रोग्रामही दिला. तो मायक्रोसॉफ्टच्या क्विकबेसिकमध्ये लिहिलेला होता. त्याची ४.५ ही आवृत्ती १९८८ साली आलेली होती आणि त्या काळी गावोगावचे हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रामर तीच वापरीत.

पहिल्या वर्षाच्या तेरजेत नावेची बेरीज आली ८७,४५,२१३.०० आणि जमेची ८७,४५,२०६.००. दिवाणजींनी रोजकीर्द तीन वेळा तपासली. फरक सापडेना. दादांचा थोरला मुलगा नुकताच बी.कॉम. झाला होता. तो म्हणाला, “काका, यंत्र बेरीज चुकत नाही. नोंदी चुकीच्या घातल्या गेल्या असणार.” दिवाणजींचे वय तेव्हा बासष्ट होते. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. आता त्यांना सन्मानाने घरी बसवावे, असा विषय जेवणाच्या वेळी निघू लागला. तसे बोलण्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण तीस वर्षांहून अधिक काळ वही सांभाळलेल्या माणसाला “तुमचे आकडे चुकतात” असे म्हणून निरोप देणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

दिवाणजी वाद घालणारे नव्हते. मी रविवारी गेलो तेव्हा त्यांनी छापील तेरीज माझ्यापुढे ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “भाऊ, चौदाशे खाती आहेत. बहुतेकांच्या शिलकेत पैसे आहेत. कुठे पस्तीस, कुठे साठ, कुठे पाच. आणि बेरजेला दोन्ही बाजूंना एकही पैसा नाही. हाताने असे कधी होत नाही.”

एवढे एक वाक्य माझ्या साऱ्या संगणकशिक्षणापेक्षा मोलाचे ठरले.

विक्रेत्याने प्रोग्रामचा मूळ मजकूर फ्लॉपीवर देऊन ठेवला होता. तो वाचला. बेसिकमध्ये एखाद्या संख्येचा प्रकार सांगितला नाही तर भाषा ती संख्या ‘सिंगल’ या प्रकारची धरते. या प्रकारात चार बाइट जागा मिळते आणि साधारण सात अंकांपर्यंतच नेमकेपणा राहतो. प्रोग्राममधल्या साऱ्या रकमा अशाच, न सांगता सिंगल झालेल्या होत्या. किरकोळ दुकानाला ते कदाचित खपलेही असते. आडतीच्या दुकानाला मात्र नाही.

हे कसे घडते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आजही अनेकांना ते ठाऊक नसते. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. रुपयाचे अर्धे, पाव, अर्धपाव त्याला नेमके समजतात. पण दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा भाग, त्याच्या पद्धतीत कधीच संपत नाही. आपण रुपयाचे तीन सारखे भाग करू लागलो की जसे तेहेतीस पैसे आणि पुढे तीन-तीन-तीन चालूच राहते, तसे. मग तो जागा संपेल तिथे तोडतो. रक्कम जितकी मोठी, तितकी अपूर्णांकासाठी जागा कमी उरते. २,४८,६१५ रुपये ३५ पैसे सिंगलमध्ये ठेवले तर आत प्रत्यक्षात २,४८,६१५.३४३७५ एवढे राहतात, म्हणजे एक पैसा तिथेच गळाला. साडेदहा लाखांच्या पुढे तर सलग दोन आकड्यांतले अंतर साडेबारा पैशांचे होते. आणि बेरीज ८३,८८,६०८ रुपयांच्या पलीकडे गेली की हे अंतर पूर्ण एक रुपयाचे होते. त्या प्रदेशात पैसा नावाची वस्तूच अस्तित्वात नसते. आमची तेरीज सत्त्याऐंशी लाखांची होती. दिवाणजींचे बोट नेमके तिथेच पडले होते.

पुतण्याला पटविण्यासाठी मी सात-आठ ओळींचा एक प्रोग्राम लिहिला आणि खतावणीतल्या नावे शिलका त्यात आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मिळविल्या, मग उलट, शेवटापासून पहिल्यापर्यंत. त्याच रकमा, तेच यंत्र. दोन बेरजा वेगळ्या आल्या. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग उठून बाहेर गेला. दिवाणजींसाठी चहा सांगून आला, एवढे मला आठवते.

विक्रेत्याला पत्र लिहिले. ‘राउंडिंगचा किरकोळ फरक’ असे उत्तर आले. मग मी ठरविले की प्रोग्राम आपणच नव्याने लिहायचा. कंपायलर तोच ठेवायचा, कारण दुसरा घेण्याची तयारी नव्हती आणि मला दुसरी भाषाही येत नव्हती.

पैशांचा प्रश्न कसा सोडवावा याचा विचार करीत असता दिवाणजींनीच सहज सांगितले की त्यांच्या शाळेत आणे-पैचे हिशेब करताना गुरुजी आधी सगळ्याच्या पै करायला लावीत. रुपयाच्या १९२ पै. गुणाकार-भागाकार सगळा पैमध्ये, आणि अगदी शेवटी परत रुपये-आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ती गरज संपली. पण यंत्राला अजून तीच युक्ती लागत होती. मी प्रत्येक रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायचे ठरविले. त्यासाठी बेसिकमध्ये ‘लाँग’ हा प्रकार होता. त्यात अपूर्णांक नाहीच, त्यामुळे गळतीही नाही. मात्र त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. एवढे पैसे म्हणजे दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. एका खात्याला ही मर्यादा भरपूर होती. वर्षाच्या एकूण उलाढालीला ती पुढेमागे अपुरी पडली असती, म्हणून एकूण बेरजेसाठी ‘डबल’ हा आठ बाइटांचा प्रकार घेतला. त्यातही रुपये नव्हे, पूर्ण पैसेच ठेवले. पूर्णांक असतील तर डबल पंधरा अंकांपर्यंत चोख राहतो. आमच्या बाजारातली कोणतीही पेढी त्यापलीकडे जाणार नव्हती.

पण खरी मेख गुणाकारात होती. १२० क्विंटल माल, भाव २००० रुपये. उत्तर दोन लाख चाळीस हजार रुपये, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पैसे. लाँगमध्ये सहज मावणारे. परंतु वजन किलोत १२,००० आणि भाव पैशांत २,००,०००, यांचा आधी गुणाकार होतो आणि मग शंभराने भागले जाते. तो मधला गुणाकार २४० कोटींचा. यंत्र ‘ओव्हरफ्लो’ म्हणून थांबते. व्याजाचे तर याहून वाईट, कारण कटमितीत रक्कम गुणिले दिवस, आणि त्या साऱ्यांच्या बेरजेला पुन्हा दराने गुणायचे. उत्तर लहान असते, वाटेतला आकडा अवाढव्य असतो. उपाय असा की वाटेतले सारे गणित डबलमध्ये करायचे, शेवटी अर्धा पैसा मिळवून खालचा पूर्णांक घ्यायचा आणि मगच खात्यात लिहायचे. एकदा लिहिले की तो पैसा पक्का. दिवाणजींची पद्धतही अशीच होती: पट्टीवर अपूर्णांक कधी पुढे न्यायचा नाही.

दुसरी अडचण जागेची. डॉसला एकूण ६४० किलोबाइट मिळत आणि त्या काळच्या प्रोसेसरच्या रचनेमुळे स्मरण ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत हाताळावे लागे. एका तुकड्यात ६५,५३६ बाइट. क्विकबेसिक लहानमोठ्या लांबीची सारी अक्षरमाला, म्हणजे नावे, गावे, तपशील, एकाच तुकड्यात ठेवी, आणि त्याच तुकड्यात इतर किरकोळ गोष्टीही असत. चौदाशे खातेदार, नाव-गाव मिळून साधारण पस्तीस अक्षरे; पन्नास हजारांच्या घरात तिथेच गेलो. बाकीच्या घरात शेकडो किलोबाइट मोकळे पडलेले, आणि प्रोग्राम मात्र ‘आउट ऑफ स्ट्रिंग स्पेस’ म्हणून बंद पडे. कोठारात जागा असून एकाच खोलीत पोती रचण्याचा हट्ट धरावा, तसा हा प्रकार.

यावर तोड अशी निघाली की अक्षरांची लांबी ठरवून टाकली तर कंपायलर ती दूरच्या तुकड्यात ठेवू देतो. नावाला २४, गावाला १६ आणि शिलकेला ४ बाइट, असा ४४ बाइटांचा एक साचा केला. चौदाशे खाती म्हणजे ६१,६०० बाइट. एका तुकड्यात बसली. १,४८९ खात्यांपर्यंत ही सोय पुरत होती, त्यापुढे कंपायलरला निराळी सूचना द्यावी लागली असती. लांब नावांचे शेवट कापले गेले आणि त्यावरून एका खातेदाराने चेष्टाही केली. पण डॉसवर नावे रोमन लिपीतच होती. देवनागरीसाठी सी-डॅकचे जिस्ट कार्ड मिळत असे; आमच्या दुकानाला तो खर्च त्या वेळी नको होता. दिवाणजींना रोमन लिपी सावकाश वाचावी लागे. म्हणून मी प्रत्येक खात्याचा क्रमांक खतावणीतल्या पानाचाच ठेवला. पान २१७, तर फाइलमधली नोंदही २१७. यामुळे शोधाशोध वाचली आणि दिवाणजी नाव न वाचताही पडदा आणि वही शेजारी धरून तपासू लागले.

छपाईच्या बाबतीत या भाषेला आपल्या देशाचा पत्ताच नव्हता. तिची रक्कम मांडण्याची जी सोय होती ती तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देई. साडेबारा लाख म्हणजे १,२५०,०००. दादांनी तो कागद हातात धरला आणि म्हणाले, “हे बारा लाख आहेत का सव्वा लाख?” मग उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनांनी तोडणारा एक छोटा भाग लिहिला. मला वाटते, त्या दशकात महाराष्ट्रात जितक्यांनी बेसिकमध्ये हिशेब लिहिले त्या सर्वांनी हा भाग आपापला लिहिला असेल. तारखेचेही तेच. यंत्र आधी महिना, मग दिवस, मग वर्ष सांगे. दोन तारखांमधले दिवस काढण्याची सोय नव्हती, ती बांधली. दिवाणजींनी ती तपासली ती थेट १९९२ चा फेब्रुवारी मध्ये घालून, आणि एकोणतीस दिवस बरोबर धरलेले पाहून मान डोलावली. १३२ अक्षरांच्या रुंद कागदावर ओळ ऐंशीव्या अक्षराला मोडत असे. प्रिंटरची रुंदी २५५ आहे असे एका सूचनेने सांगितले की ती मोडायची थांबे. हे समजायला मला दोन रविवार लागले, सांगायला एक ओळ पुरते.

एक गंमत मात्र नमूद करतो. सारा प्रोग्राम एका फाइलमध्ये जड होऊ लागला म्हणून रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज असे तीन स्वतंत्र प्रोग्राम केले. एकाने काम संपवून दुसऱ्याला बोलवायचे. स्वतःपुरत्या स्वतंत्र फाइली बनविल्या की क्विकबेसिक एकाच्या स्मरणातले दुसऱ्याला देत नसे. म्हणून पहिला प्रोग्राम जाताना डिस्कवर एक लहानशी फाइल लिहून ठेवी: आजची तारीख, कोणते वर्ष, शेवटची नोंद. दुसरा येताच ती वाचून पुसून टाकी. तिचे नाव मी ‘चिठ्ठी’ ठेवले होते. दुकानात दिवाणजी दुपारी जेवायला जाताना गादीवर अशीच चिठ्ठी ठेवून जात.

मायक्रोसॉफ्टने बेसिकच्या मोठ्या, व्यावसायिक आवृत्तीत पुढे रकमांसाठी ‘करन्सी’ असा स्वतंत्र प्रकार दिला, आणि अक्षरे दूर ठेवण्याची सोयही दिली. करन्सी आत काय करते ते वाचले तेव्हा हसू आले: रक्कम दहा हजारपट करून पूर्णांक म्हणून ठेवते. गुरुजींच्या पैच त्या. आज नातवंडे ज्या भाषांत प्रोग्राम लिहितात त्यांतही दहा पैशांची कथा बदललेली नाही. दशांश एक आणि दशांश दोन यांची बेरीज करायला सांगितली तर त्यांतल्या बहुतेक भाषा दशांश तीनच्या पुढे शून्यांची रांग लावून शेवटी एक चार दाखवितात. आपल्या मुलाने हिशेबाचा प्रोग्राम कोणाकडून करून घेतला असेल तर रकमा आत कशा ठेवल्या आहेत, एवढे एकदा विचारून घ्यावे.

नवा प्रोग्राम लगेच वापरात आणला नाही. दादांनी अट घातली की तीन महिने वही आणि यंत्र दोन्ही चालतील, आणि रोज संध्याकाळी शिल्लक पडताळली जाईल. पडताळणीला पुतण्या आणि दिवाणजी एकत्र बसत. पहिल्या महिन्यात पाच वेळा फरक आला आणि पाचही वेळा एखादी नोंद यंत्रात दोनदा चढलेली किंवा राहून गेलेली सापडली. फरक पैशांत येई, त्यामुळे तो शोधता येई. ३५ पैशांचा फरक असला की दिवाणजी पस्तीस पैशांची नोंद कुठली ते आठवून सरळ पान उघडीत. तिसऱ्या महिन्यात एकही फरक आला नाही.

मार्च १९९२ ची तेरीज रात्री साडेनऊला छापून झाली. दिवाणजींनी रुपयांकडे पाहिलेच नाही. आधी शेवटचे दोन अंक पाहिले, दोन्ही बाजूंचे, मग चष्मा काढून ठेवला. त्यांना घरी बसविण्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दादांनी त्या उन्हाळ्यात करवून दिली आणि पुढे सहा वर्षे ते गादीवर होते. छापील तेरजेच्या खाली पेन्सिलीने आपली बेरीज लिहिण्याची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि पुतण्याने ती पुसायला कोणालाही कधी सांगितले नाही.